आवर्तनाच्या पाण्यातली मासेमारी

मोसम ही छोटी नदी. बागलाणात साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांकडून ती निघते, ताहाराबाद, जायखेडा, नामपूर अशी गावे मागे टाकत मालेगावात येते, शहराचे दोन भाग करते आणि शहर ओलांडले की गिरणेला मिळते. नारोशंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात बांधलेला भुईकोट किल्ला तिच्याच काठी उभा आहे. गिरणा तिच्यापेक्षा मोठी. ती कळवणच्या वरच्या अंगाला सह्याद्रीत उगम पावते आणि पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला जाऊन मिळते. या दोन नद्या, त्यांना येऊन मिळणारे नाले, त्यांच्यावरचे बंधारे आणि तालुक्यातले पाझर तलाव एवढ्या पाण्यात मालेगाव परिसरातली गोड्या पाण्याची मासेमारी चालते. भिल्ल, कोळी आणि भोई समाजांतली कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. त्यांच्याशिवाय हौसेने गळ टाकणारेही पुष्कळ आहेत. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी पुलाखालच्या खडकांवर आणि गावाबाहेरच्या बंधाऱ्यांवर कामगार आणि पोरेसोरे काठ्या घेऊन बसलेली दिसतात.

हे काम समजून घ्यायचे तर आधी पाणी समजून घ्यावे लागते. मालेगाव पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत उरकणारा. त्यामुळे मोसम वर्षातला बराच काळ आपल्या पाण्यावर वाहत नाही. ती वाहते धरणातून सोडलेल्या पाण्यावर. मोसमसाठी मुल्हेरजवळचे हरणबारी आणि गिरणेसाठी कळवण तालुक्यातले ब्रिटिश काळातले चणकापूर. पिण्यासाठी आणि शेतीसाठी ठरावीक काळाने नदीत किंवा कालव्यात पाणी सोडले जाते, त्याला आवर्तन म्हणतात. कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा मासेमार आभाळाकडे बघून ठरवतो. मालेगावचा मासेमार पाटकऱ्याला विचारतो, नामपूरच्या पाहुण्याला फोन लावतो, वरच्या गावांत पाणी कुठपर्यंत पोहोचले याची खबर घेतो. या भागातली मासेमारी हा मुळात सोडलेल्या पाण्याचा अंदाज घेण्याचा धंदा आहे. त्यातले कौशल्य बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

कोरड्या पात्रातून आवर्तनाचे पाणी सरळ धावत येत नाही. आधी वाळू पिते, मग खड्डे भरतात, मग धार पुढे सरकते. धारेच्या तोंडाशी पालापाचोळा, फेस, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाभळीच्या शेंगा असतात. या पहिल्या पाण्यात जाळे टाकणे फुकट जाते, कारण जाळ्यात मासळीऐवजी कचरा भरतो. अनुभवी माणूस थांबतो. डोहात अडकून पडलेल्या माशांना नव्या पाण्याची चाहूल लागली की ते धारेच्या दिशेने वर सरकू लागतात, आणि पाणी जरा निवळले की उथळ खळखळाटाच्या खालच्या बाजूला जमतात. जाळे टाकायची वेळ ती. आवर्तन बंद झाले की पाणी उतरताना पुन्हा एक संधी येते. मागे हटणारे मासे अरुंद पाटांतून खोल पाण्याकडे जातात, तेव्हा नेमक्या त्या वाटेवर आडवे जाळे लावले तर फारशी मेहनत न करता मासळी मिळते. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात मात्र काम आहे ते डोहांचे.

प्रत्येक डोहाचा स्वभाव वेगळा. खडकाच्या कपारी असलेल्या डोहात वाम राहते. कडेला लव्हाळे आणि गाळ असेल तर मरळ. उघड्या, खोल पाण्यात कटला आणि रोहू. बंधाऱ्याच्या पायथ्याला जिथे पाणी झिरपत राहते तिथे बारीक मासळी आणि झिंगे. फड या जुन्या सामूहिक सिंचन पद्धतीतले दगडी बंधारे मोसम-गिरणेच्या खोऱ्यात आहेत, आणि त्यांच्या खालचे डोह पाण्याच्या माराने आपसूक खोल झालेले असतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरल्यावर फळ्या बसवतात आणि पुढचा पाऊस येण्याआधी काढतात. फळ्या बसल्या की वर पाणी साठते आणि खालचे पात्र आटू लागते. त्या आठवड्यात खालच्या बाजूला अडकलेली मासळी गोळा करण्यासाठी आख्खे कुटुंब पाण्यात उतरते, बायका टोपल्या आणि जुन्या साड्या घेऊन, मुले हातांनी.

वर्षाची सुरुवात पहिल्या पुराने होते. पाणी गढूळ होते, नाले वाहू लागतात आणि मासे धारेविरुद्ध वर चढतात. हे चढणीचे मासे. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात अंडी असतात आणि ते अंडी घालण्यासाठीच उथळ, वाहत्या पाण्याकडे निघालेले असतात. नाल्याच्या तोंडाशी जाळे लावून बसले तर एका रात्रीत पुष्कळ मासळी हाती लागते, आणि हा मोह मोठा आहे. पण या काळात धरलेली एक मादी म्हणजे दिवाळीनंतरची कितीतरी मासळी. जाणते मासेमार चढणीच्या काळात नाल्याचे तोंड पूर्ण अडवत नाहीत, एका बाजूने वाट मोकळी ठेवतात. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, आणि नदीवर जे काही उरले आहे ते बऱ्याच अंशी या नियमामुळे उरले आहे.

पोळ्याच्या सुमारास पाणी निवळू लागते. तिथपासून दिवाळीपर्यंतचा काळ गळासाठी सर्वांत चांगला. पाणी भरपूर, मासा हलता आणि भुकेला. थंडीत मासे मंदावतात, पहाटे गळाला तोंडच लावत नाहीत. ऊन चढल्यावर, दुपारच्या सुमारास, उथळ पाणी तापते तेव्हा थोडी हालचाल होते. उन्हाळ्यात मालेगावचा पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि डोह आटत आटत पाण्याचे डबके उरते. पहाटे अशा डबक्यावर गेले तर मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात. पाण्यातल्या शेवाळाने रात्रभर प्राणवायू खाल्लेला असतो आणि सूर्य उगवल्याशिवाय तो पुन्हा तयार होत नाही. रोहू, कटला अशा डबक्यात आधी मरतात. मरळ आणि मांगूर टिकतात, कारण त्यांना थेट हवेतून श्वास घेण्याची सोय असते. म्हणून मे महिन्यात चिखलात हात घालून जी मासळी निघते ती बहुतेक या दोन जातींची असते.

मरळीबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण या पाण्यातला सर्वांत मोलाचा मासा तोच. काटा कमी, मांस घट्ट, आणि ओल्या पोत्यात गुंडाळला तरी बराच वेळ जिवंत राहणारा. बाजारात जिवंत मरळीला वेगळाच भाव मिळतो. पावसाळ्यात मरळीची जोडी वनस्पतींमध्ये अंडी घालते आणि पिलांची राखण करते. पिले तांबूस-नारिंगी रंगाची असतात आणि एकत्र झुंडीने पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. वरून पाहिले तर पाण्यावर एक तांबूस डाग हलत असल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या खाली, फूट-दोन फुटांवर, आईबाप असतात. त्या डागाजवळ गळाला लावलेला बारका बेडूक सोडला की मोठी मरळ त्याच्यावर तुटून पडते. ती भुकेने तुटून पडत नाही, राखणदारीने पडते. यात मासेमाराची हुशारी काहीच नाही. आणि राखण करणारे गेले की ती सगळी झुंड इतर माशांच्या आणि पाणकावळ्यांच्या पोटात जाते. डोहावर रोज येणारी माणसे तांबडी झुंड दिसली की तिथून गळ काढून घेतात आणि दुसऱ्यालाही टाकू देत नाहीत. हौशी लोकांना हे बहुधा माहीत नसते. ते सांगायला हवे, आणि सांगितले की बहुतेक जण ऐकतात.

रोहू, कटला आणि मृगळ हे तीन मासे आता इतके ओळखीचे झाले आहेत की ते इथलेच वाटतात. पण ते मूळचे उत्तरेतले, गंगेच्या आणि सिंधूच्या खोऱ्यांतले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालवून घेतली. त्यानंतर तळ्यातल्या तळ्यात बीज तयार करता येऊ लागले. आज धरणात आणि पाझर तलावात सोडली जाणारी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, या पद्धतीने तयार होते. 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्या प्रयोगाच्या आठवणीत पाळला जातो. तिन्ही मासे एका पाण्यात राहतात ते थर वाटून घेऊन. कटला वरच्या थरात, रोहू मधे, मृगळ तळाशी. गळ टाकणाऱ्याला हे ठाऊक असेल तर तो तरंड आणि गळ यांमधले अंतर त्याप्रमाणे ठेवतो. एकाच डोहात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला भरपूर मासा मिळतो आणि दुसऱ्याला काहीच नाही, याचे कारण बऱ्याच वेळा वीतभर दोरीत असते.

बाहेरून आलेल्या आणखी दोन जातींनी नदीचे रूप पालटले. चिलापी भारतात 1952 साली आणली गेली. ती कुठल्याही पाण्यात जगते, मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, वर्षात अनेकदा विते आणि डोह बारीक चिलापीने भरून जातो. दुसरा आफ्रिकन मांगूर, ज्याला लोक थायलंड मांगूर म्हणतात. तो इतर मासे, बेडूक, घाण, सगळे खातो. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली, तरी तो तळ्यांमधून निसटून ओढ्यानाल्यांत पोहोचला आहे. देशी मांगूर वेगळा, चवीला उत्तम आणि आता दुर्मिळ. दोन्ही मांगूर ओळखण्याची ढोबळ खूण म्हणजे आकार. देशी मांगूर हातभर लांब होत नाही, परदेशी होतो. जाळ्यात आलेला परदेशी मांगूर पाण्यात परत सोडू नये.

साधने थोडी. सर्वांत साधे म्हणजे काठी, तंगूस, तरंड, शिशाचा मणी आणि गळ. तरंड विकत मिळते, पण मोरपिसाच्या दांडीचा तुकडा किंवा ज्वारीच्या ताटाचा गर अजूनही जास्त हलका आणि जास्त बोलका मानतात. मासा नुसता तोंड लावतो, ओढतो की पळतो हे तरंडाच्या हालचालीवरून कळते. मृगळ तरंड आडवे पाडतो, मरळ ते एकदम खाली ओढते, चिलापी टकटक करत राहते. गळाला नंबर असतो आणि नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे नवशिक्याला आधी सांगावे लागते. आमिष म्हणून ओल्या उकिरड्यातले गांडूळ बहुतेक सगळ्यांना चालते. ते गळाला ओवताना शेपटाकडचा भाग मोकळा सोडायचा, म्हणजे तो हलत राहतो. रोहू-मृगळासाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून, कधी थोडी बडीशेप घालून गोळी करतात. गोळी फार मऊ केली तर पाण्यात विरते, फार घट्ट केली तर मासा टाकून देतो. वामेसाठी रात्रीचे काम. ती दिवसा कपारीतून बाहेर येत नाही. संध्याकाळी लांब दोरीला ओळीने गळ बांधून, झिंगे लावून दोरी खडकांच्या कडेने सोडायची आणि पहाटे उचलायची.

पाग, म्हणजे फेकायचे गोल जाळे, हे पोटापाण्यासाठी मासेमारी करणाऱ्याचे खरे हत्यार. ते फेकायला शिकायला हंगाम जातो. जाळ्याचा एक भाग डाव्या कोपरावर घ्यायचा, कडेची शिशाची माळ दातांत धरायची, उरलेला घेर उजव्या हातात, आणि कमरेतून वळून फेकायचे. दात योग्य क्षणी सुटले तर जाळे हवेत पूर्ण गोल उघडते. एक क्षण उशीर झाला तर ते केळीच्या पानासारखे लांबट पडते आणि मासा बाजूने निघून जातो. खडकाळ तळावर पाग अडकते, फाटते. म्हणून मासेमाराला डोहातला प्रत्येक दगड पायाने माहीत असतो. ओढताना घाई करायची नाही. शिशाची माळ तळावर घासत घासत जवळ आली पाहिजे, उचलली गेली की खालून मासे सुटतात. संध्याकाळी घरी आल्यावर जाळे धुऊन, वाळवून, फाटलेले आस बांबूच्या सुईने विणून काढणे हा कामाचाच भाग आहे, आणि तो बहुधा घरातली म्हातारी माणसे करतात. डोळे कमजोर झाले तरी बोटांना आस कळतो.

मासळी विकण्याची रीत जातीप्रमाणे बदलते. मोठे मासे किलोवर जातात. बारीक मासळीचे वाटे लावतात. वाटा नजरेने ठरतो आणि गिऱ्हाईक बघून त्यात मूठभर वाढही पडते. मालेगावच्या बाजारात बर्फातून येणारी आंध्रातली रोहू-कटला असते, गिरणा धरणातली असते, आणि नदीची थोडी. नदीची ताजी मासळी घेणारे गिऱ्हाईक ठरलेले असते, सकाळी लवकर येते आणि खवले-कल्ले बघून घेते. कल्ला लाल, डोळा फुगीर आणि अंग बोटाने दाबल्यावर परत वर येणारे, एवढे पुरते. श्रावणात आसपासच्या खेड्यांत खप घटतो, शहरात तो टिकून राहतो. न विकलेली बारीक मासळी मीठ लावून छपरावर वाळते आणि पावसाळ्यात कांद्या-लसणाच्या काळ्या रश्श्यात, बाजरीच्या भाकरीबरोबर खपते.

कामाची सर्वांत मोठी अडचण शहराच्या हद्दीत आहे. मालेगावचे सांडपाणी मोसममध्ये येते आणि उन्हाळ्यात पुलांखाली वाहते ते जवळजवळ तेवढेच असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गिरणेचा मालेगाव ते जळगाव हा पट्टा आहे. या पाण्यात चिलापी आणि मांगूर जगतात, डासांसाठी सोडलेले गप्पी मासे जगतात, आणि मुले ते पकडतातही. पण शहराच्या खालच्या अंगाचा मासा विकायला आणू नये, हे मासेमार स्वतःच मानतात. गिऱ्हाईकही मासा कुठला आहे हे आधी विचारते. परिणाम असा की ज्यांची वस्ती शहरालगत आहे त्यांना पहाटे वरच्या गावांकडे जावे लागते आणि जाण्यायेण्यात कमाईचा मोठा भाग जातो. घरापुढची नदी असून तिचा उपयोग नसणे, ही या कुटुंबांची खरी गरिबी आहे.

वाळूचा उपसा हे दुसरे दुखणे. नदीची वाळू म्हणजे पाण्याची साठवण. ती उचलली की आवर्तनानंतर पात्रात मुरलेले पाणी हळूहळू डोहाला मिळायचे ते थांबते, आणि पूर्वी एप्रिलपर्यंत टिकणारा डोह फेब्रुवारीतच संपतो. उपशाने पडलेल्या खड्ड्यांत मासे जमतात खरे, पण त्यांच्या कडा उभ्या असतात आणि पाय घसरला तर पोहणाराही वर येऊ शकत नाही. असल्या खड्ड्यात जाळे ओढायला एकट्याने उतरू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे घाईची मासेमारी. पूर्वी हिंगणबेटाच्या फळाने किंवा शेराच्या चिकाने लहान डबक्यातले मासे गुंगवत असत. त्याचा परिणाम तेवढ्या डबक्यापुरता राहायचा. आता ब्लीचिंग पावडर, जिलेटीन आणि बॅटरीवरचा विजेचा झटका आला आहे. यांत बोटुकलीही मरते, झिंगेही मरतात, आणि बराचसा मासा तळाशी जाऊन कुजतो. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. कायदा जुना आहे, पण रात्रीच्या डोहावर तो बजावायला कुणी नसते. तो बजावला जातो तिथे जिथे डोहावर रोज जाणारी माणसे जागी असतात, कारण नुकसान त्यांचे होते आणि पाण्यावर पांढरी पडलेली बारीक मासळी सकाळी सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

धरणे आणि तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि तिथे बीज सोडणे ही संस्थेची जबाबदारी असते. नदीतल्या डोहांना असा धनी नाही. पण जिथे गावाने आणि मासेमारांनी मिळून बंधाऱ्यावरच्या पाण्यात बीज टाकायचे ठरवले, तिथे काही गोष्टी पाळाव्या लागतात. बीज जिऱ्याच्या आकाराचे नको, बोटाएवढे झालेले हवे, नाहीतर चिलापी आणि मरळ ते चार दिवसांत संपवतात. पुराचा जोर ओसरल्यावर, फळ्या बसण्याच्या सुमारास ते सोडावे, म्हणजे ते वाहून जात नाही आणि वाढायला पाणीही मिळते. वेळ संध्याकाळची घ्यावी. प्राणवायू भरलेली पिशवी तशीच उलटी करायची नाही. ती आधी डोहाच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतले आणि बाहेरचे पाणी सारखे गार झाले की तोंड सोडून थोडे थोडे डोहाचे पाणी आत घ्यायचे, आणि मग पिशवी आडवी धरून मासे आपणहून बाहेर जाऊ द्यायचे.